पीटीएलडी : प्रत्यारोपणानंतरचा दुर्मिळ लसिकापेशी विकार
म्हैसूर : कर्नाटकात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप 'जीवसार्थकते' ही राज्य यंत्रणा करते, म्हैसूरही तिच्या कक्षेत येते. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली जातात. क्वचित त्यांच्यामुळेच 'पीटीएलडी' उद्भवतो. बहुतेकदा सुप्त एपस्टाईन-बार विषाणू मोकाट सुटतो व बी-लसिकापेशी बेसुमार वाढतात. आतड्याच्या प्रत्यारोपणात धोका अधिक, मूत्रपिंडाच्या कमी. ताप, वजनातील घट, गाठी ही लक्षणे क्षयाशी जुळत असल्याने आपल्याकडे निदान फसू शकते. बायोप्सी अटळ ठरते. औषधांची मात्रा घटविल्यास काही रुग्णांतील गाठी विरतात, हे शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. मात्र हा निर्णय डॉक्टरांचाच; परस्पर गोळ्या थांबविल्यास अवयव गमवावा लागू शकतो. त्यानंतरचा उपचार रिटुक्सिमॅब, गरज भासल्यास केमोथेरपी.