कारभारीपण (ख्रिस्ती धर्म)

माणसाजवळचे धन, वेळ व गुण ही देवाची ठेव असून तिचा हिशेब द्यावा लागतो, ही ख्रिस्ती शिकवण. मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय २५) दाखल्यात दोन चाकर धन्याची रक्कम दुप्पट करतात. तिसरा चाकर त्याला मिळालेला एक तालांत जमिनीत पुरतो. तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, मजुराची जवळपास वीस वर्षांची कमाई. एवढी ठेव त्याने साधी सावकाराकडेही ठेवली नाही. चोरी न करताही तो दोषी ठरतो, हेच या शिकवणीचे मर्म. प्रेषित पौलाने ती व्यवहारात उतरवली: यरुशलेममधील गरिबांसाठी जमलेली वर्गणी त्याने एकट्याने हाताळली नाही, कोणी बोट ठेवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवला (२ करिंथ ८).