घटोत्कच : शस्त्र आणि पुत्र

भारतीय युद्धाच्या चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच पडतो आणि पांडव शोकाकुल झाले असता श्रीकृष्ण हर्षाने नाचू लागतो. अमानुष सामर्थ्याच्या पात्राकडे महाकाव्य कोणत्या दृष्टीने पाहते, हे द्रोणपर्वातील या प्रसंगाइतके अन्यत्र क्वचितच उघड होते. इंद्राने कवचकुंडलांच्या मोबदल्यात कर्णास दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी होती, आणि ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. ती खर्ची पडावी म्हणून तिच्याच तोलाचे काही समोर आणणे भाग होते. राक्षसांचे बळ रात्री वाढते. कृष्णाने भीमपुत्रास पुढे केले. दोन अस्त्रे परस्परांस संपवितात आणि कथा पुन्हा माणसांच्या हाती येते. एरवी कर्णार्जुनांचा सामना क्षणात आटोपला असता! कोसळतानाही घटोत्कच कौरवांची एक अक्षौहिणी चिरडतो. त्याचे शवदेखील शस्त्रच. युधिष्ठिर वनवासातील त्याची सेवा आठवतो, तेवढ्यापुरता तो पुत्र ठरतो.

उत्तरकालीन लेखकांस हा हिशेब रुचला नसावा. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून प्रकाशित केलेल्या, भासाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाटकांपैकी ‘मध्यमव्यायोगा’त तो मातेच्या आज्ञेने, पण संकोचत, ब्राह्मणपुत्रास धरतो, पित्याशी अजाणता झुंजतो, आणि कोणाचाही प्राण जात नाही. १९५७ च्या ‘मायाबजार’ या तेलुगू चित्रपटात तर त्याची माया एक विवाह मोडून दुसरा जुळविते. मात्र या दोन्ही कथा युद्धापूर्वीच थांबतात.