दावण कधी सोडायची?

चक्रीवादळ म्हटलं की डोळ्यांसमोर ओडिशा येतं, आंध्र येतं, फार तर आपलं कोकण. जालना जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण २६ सप्टेंबर २०२१ला ‘गुलाब’ नावाचं वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं आणि त्याचं उरलेलं अंग तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर येऊन कोसळलं. वारा संपला होता, पाणी संपलं नव्हतं. पुढे तेच गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं आणि ‘शाहीन’ हे नाव घेऊन ओमानच्या किनाऱ्यावर गेलं. या दोन वादळांच्या मधल्या वाटेवर आमचं काढणीला आलेलं सोयाबीन उभं होतं.

आमच्या जुन्या माणसांना वादळांची नावं ठाऊक नव्हती. भाद्रपदात वारं फिरलं आणि ढग पूर्वेकडून चढायला लागले की आबा, म्हणजे माझे आजोबा, एवढंच म्हणायचे, “उगवतीचा पाऊस हाय, ह्यो थांबत नसतो.” मग ते नदीकडे निघायचे.

आमचं गाव शहागडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या उत्तर काठावर. जालना जिल्ह्याची दक्षिणेची सगळी कड गोदावरीनं आखलेली आहे. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतली काठची गावं म्हणजे गंगथडी. इथं कुणी ‘गोदावरी’ म्हणत नाही. गंगाच. पलीकडे बीड जिल्हा. उरलेल्या जिल्ह्यानं टँकर मोजत उन्हाळे काढावेत आणि या एवढ्या पट्ट्यानं पुराची धास्ती घ्यावी, असं आमचं चालत आलेलं आहे. कित्येकदा दोन्ही एकाच वर्षात.

गंगेचा पूर आमच्या पावसावर अवलंबून नसतो, ही त्यातली कठीण गोष्ट. आमच्याकडे कडक ऊन पडलेलं असायचं, जमिनीला भेगा असायच्या, आणि नदी मात्र चढत असायची. पाऊस त्र्यंबकेश्वरला, इगतपुरीला, प्रवरा-मुळेच्या डोंगरात झालेला असायचा. नाशिककरांकडे पूर मोजायला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर तिथं शहाणपण ठरतं. तिथलं पाणी पैठणला नाथांच्या घाटावर येऊन पुढे आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागे. पण ती बातमी घेऊन येणारं दुसरं कुणी नव्हतं, पाणीच होतं.

म्हणून आबांच्या पिढीनं पाणी वाचायची विद्या कमावली होती. पाण्याच्या कडेला ते बाभळीची एक काठी रोवायचे. विडी ओढून होईस्तोवर काठी पाण्यात गेली का, किती गेली, हे बघायचे. गेली की मागं सरकून दुसरी काठी. रात्री कंदील घेऊन चावडीवरची दोन माणसं हेच करत बसायची. काड्या-कचरा काठाला लागतोय तोवर पाणी चढतीला आहे, कचरा मधल्या धारेत गोळा व्हायला लागला की उतार लागला, असा त्यांचा ठोकताळा. पाण्याला मातीचा वास यायला लागला, फेस दाटला, मुळासकट झाडं दिसायला लागली की आबा मागं वळायचे. कोतवाल हलगी घेऊन तयारच असायचा.

मग जायचं कुठं? हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे. गढीवर. गंगथडीतली जुनी गावं पांढरीच्या टेकाडावर बसलेली असतात आणि त्या टेकाडाच्याही वर गढी. वाड्याच्या भिंती पडलेल्या, बुरूज ढासळलेला, पण उंची होती. शिवाय माणसं आणि ढोरं एकाच वाटेनं चढू शकतील एवढी सोय होती. गावात एरवी कोण कुणाच्या सावलीला उभं राहतं, यावर भांडणं होती. त्या रात्री गढीवर मात्र सगळ्या वस्त्यांची माणसं असायची, असं आज्जी सांगायची. लगेच हेही सांगायची, की चुली तिथंही वेगळ्याच मांडल्या जायच्या.

आज्जीला या सगळ्यात सर्वांत जड जायचं ते पेव. आताच्या पोरांनी पेव बघितलेलं नाही. पांढरीच्या मातीत माणूसभर किंवा त्याहून खोल खड्डा, तोंडाला अरुंद, पोटात रुंद, आतून कडब्याचं आणि भुसाचं अस्तर. ज्वारी भरायची, वर पुन्हा भुसा, मग दगडी चीप आणि चिखलानं लिंपण. दोन-तीन वर्षांची ज्वारी त्यात राहायची. पेव उघडणं म्हणजे झाकण काढून उडी मारणं नव्हे. चीप सरकवून बराच वेळ तसंच सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर आत माणूस उतरवायचा नाही, कारण कोंडलेल्या हवेनं माणसं आतल्या आत गेलेली आहेत. म्हणजे घाईच्या वेळी पेव रिकामं करता येत नाही. आणि पाणी मुरलं तर ज्वारी आंबते, तिला असा वास सुटतो की ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

त्यामुळे गाव सोडायचा निर्णय आमच्या घरात खरं तर आदल्या दिवशी व्हायचा, आणि तो आज्जी करायची. आबा काठ्या रोवत असायचे तेव्हा ती खालच्या आळीच्या पेवाची चीप सरकवायला लावायची. पूर आला नाही तर सासू बोलेल, जाऊ हसेल, कष्ट फुकट जातील. तरी ती उघडायला लावायची. “पूर आला न्हाई तर ज्वारी उन्हात पडंल, एवढंच व्हईल,” हे तिचं म्हणणं. देव्हाऱ्यातले टाक, बियाणाची बोचकी, मीठ-मिरची, काड्यापेटी हे एका फडक्यात आणि लेकरं दुसऱ्या हाताला. मला वाटतं, आपत्तीच्या आधी निघण्यातली सगळी अडचण तिच्या त्या एका वाक्यात होती. आधी निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. दहा वेळा पेव उघडलं तर आठ वेळा पाणी उंबऱ्याशी येऊन परत जातं. त्या आठ वेळांचं हसू पचवायची ज्याची तयारी असते, तोच नवव्या वेळी वाचतो.

बाहत्तरचा दुष्काळ हे गाव सोडण्याचं दुसरं रूप. त्याला आमच्याकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. तिथं निर्णयाला महिने मिळतात आणि तेच महिने माणसाला खातात. एक बैल विकायचा, मग दुसरा, मग दाराची चौकट. आबा मात्र लांब गेले नाहीत. पैठणला जायकवाडी धरणाचं काम चालू होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली होती. आबांनी त्या मातीच्या भिंतीवर पाट्या टाकल्या, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, आत नाथसागर. वरच्या अंगाच्या शंभराहून अधिक गावांना पाण्यानं गाठलं. तिथल्या माणसांना काठी रोवायची गरज उरली नाही, त्यांनी एकदाच आणि कायमचं गाव सोडलं.

धरणामुळे आमच्या काठाला उसाचे मळे आले, मोटारी आल्या. पुढे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे झाले. पूर वर्षानुवर्षं येईनासा झाला. गढीची पांढरी माती लोकांनी माळवदावर टाकायला खणून नेली आणि टेकाड बसत गेलं. नवी घरं सोयीची म्हणून खाली नदीच्या बाजूला सरकली. पाण्याचं वाचन शिकवायला कारण उरलं नाही, म्हणून ते कुणी शिकलंही नाही.

आणि मग ऑगस्ट २००६ आला. नाशिक-नगरकडे धो धो पाऊस, नाथसागर काठोकाठ, आणि जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक पाणी सोडलं गेलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त. अडीच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सत्तर लाख लिटर. आमच्या जिल्ह्याला कळेल अशा मापात सांगायचं, तर दहा हजार लिटरचे सातशे टँकर दर सेकंदाला. पैठण शहरात पाणी शिरलं. आमच्याकडे तलाठी, पोलीस पाटील घरोघर फिरले, देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला. वेळ काही तासांचा होता.

मी तेव्हा जालन्यात होतो. चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, फोन लावला. ते म्हणाले, “बाया-लेकरं धाडलीत शाळेत. मी इथंच हाय.” का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “शाळंत बैल घेतेत का?”

याला मी तेव्हा हट्ट म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही. गोठ्यात दोन बैल, एक गाभण गाय, एक वासरू. ते सोडून गेलेला शेतकरी जीव वाचवून परत येतो तेव्हा त्याच्याकडे पुढचं वर्ष नसतं. शहरातला माणूस घराला कुलूप लावून निघू शकतो, दाव्याला कुलूप लागत नाही. शेवटी तात्यांनी आणि आळीतल्या चौघांनी ढोरं हाकत डांबरी रस्त्यावर नेली आणि रात्रभर पावसात रस्त्याच्या कडेला धरून बसले. जे निघाले नाहीत त्यांनी दावी कापून जनावरं मोकळी सोडली. काही परत आली, काही नाही. गढीवर दोन्हींची सोय होती. शाळेच्या वर्गखोल्यांत फक्त माणसांची होती, आणि तीही अपुरी. दोनशे माणसांत दोन संडास असलेल्या इमारतीत तरण्या पोरी, बाळंतिणी घेऊन जायला बाया का कचरतात, हे वेगळं सांगायला नको.

ओडिशानं हे मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. १९९९च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३मध्ये ‘फायलीन’ गोपाळपूरजवळ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. मधल्या चौदा वर्षांत पक्के निवारे झाले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, आणि इशारा दिला की निघायचं, ही सवय लागली. बांगलादेशात १९७०च्या भोला चक्रीवादळानं काही लाख माणसं नेली. त्यानंतर तिथं किनारपट्टीवर मातीचे उंच ओटे बांधले गेले, माणसांसाठी आणि मुद्दाम गुराढोरांसाठी. त्यांना मुजीब किल्ला म्हणतात. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला आमची गढी आठवली. जी आमच्याकडे आपोआप होती ती आम्ही खणून छपरावर टाकली, आणि तिकडे लोकांनी ती पाट्या टाकून उभी केली.

मराठवाड्यात हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. दुष्काळात जनावरांच्या छावण्या आपण चालवल्या आहेत. बीड-उस्मानाबादकडे एकेका छावणीत शेकड्यांनी ढोरं महिनोन्‌महिने राहिली. चारा, पाणी, पेंड, कानातले बिल्ले, सगळ्याचा हिशेब ठेवायची पद्धत सरकारी यंत्रणेच्या अंगवळणी पडलेली आहे. मग पुराच्या दोन रात्रींसाठी दावण का टाकता येऊ नये?

सप्टेंबर २०२५मध्ये गंगा पुन्हा आली, २००६हून मोठी. जायकवाडीचे नेहमीचे अठरा आणि आपत्कालीन नऊ, असे सगळे दरवाजे उघडले आणि विसर्ग तीन लाख क्युसेकपर्यंत गेला. या वेळी वरून पाणी होतं तसंच आमच्याकडचा पाऊसही थांबत नव्हता. आता बातमी हलगीनं येत नाही, मोबाइलवर येते. शाळकरी पोरंसुद्धा “आता किती सोडलंय?” असं क्युसेकमध्ये विचारतात. आकडा येतो, पण तो आपल्या उंबऱ्याशी कुठवर येणार, हे आकड्यातून कळत नाही. दीड लाखाला पाणी मारुतीच्या पाराशी असतं, अडीच लाखाला खालच्या आळीत, असं गावाचं स्वतःचं माप कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

ते माप तात्यांच्या डोक्यात होतं. दोन लाखांचा मेसेज आला तेव्हा त्यांनी कुणाची वाट बघितली नाही. पाऊस चालू असताना, पाणी अजून पाराच्या पुष्कळ खाली असताना, त्यांनी दावण सोडली. शेजारी म्हणाले, घाई करताय. भावजय म्हणाली, गवत भिजंल. ते ढोरं घेऊन माळावरच्या गायरानात गेले आणि त्यांच्या मागं निम्मी आळी निघाली. संध्याकाळपर्यंत शाळेत जायला घरातला कुणी गडी नाही म्हणाला नाही, कारण मागं थांबायला कारणच उरलं नव्हतं. घरांत पाणी शिरलं, शेतं खरवडून गेली, नदीकडची माती कातळापर्यंत निघाली. आळीतलं एकही जनावर गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर तात्यांनी पाराच्या जोत्यावर गेरूनं तीन रेघा मारल्या आणि शेजारी आकडे लिहायला माझ्या पुतण्याला बसवलं: दीड, अडीच, तीन. ग्रामसभेत त्यांनी एकच मागणी ठेवली. गायरानाच्या उंचवट्यावर पत्र्याचं एक लांब शेड, दोन्ही बाजूंनी दावण, हातपंप, बायांसाठी चार संडास, आणि दर पावसाळ्याआधी कडब्याच्या दोन गंजी. ठराव वहीत लिहिला गेला आहे. गायरान गावाचंच आहे आणि गंजीसाठी कडबा द्यायला पहिल्याच सभेत अकरा घरं पुढे आली.