परत आलेल्या विद्यार्थ्याची खोली : अमेरिकेतील युद्धोत्तर महाविद्यालयीन निवासाचा इतिहास



विद्यापीठांचा इतिहास शिकताना आपण कायदे, आयोग, अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहतो. विद्यार्थी राहत कुठे होते, हे सहसा कोणी विचारत नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून शिकायला आले आहेत, त्यांना मात्र ठाऊक आहे की प्रवेशयादीत नाव लागले म्हणजे काम निम्मेच झाले. उरलेले निम्मे काम खोली मिळवण्याचे असते.

या टिपणात आपण एकच प्रश्न पाहणार आहोत. वयाने मोठा, मध्ये काही वर्षे शिक्षण सुटलेला, कदाचित लग्न झालेला माणूस पुन्हा कॉलेजात आला, तर त्याला राहायला कुठे द्यायचे? हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. तिथे काय झाले ते आधी पाहू आणि मग आपल्याकडे वळू.

१. खोली कोणासाठी बांधलेली असते?

वसतिगृहातली खोली नीट पाहा. एक पलंग, टेबल, खुर्ची, कपाट. स्वयंपाकाला जागा नाही, कारण जेवण मेसमध्ये. रात्री ठरावीक वेळेच्या आत परतायचे, पाहुण्याला मुक्कामी ठेवायचे नाही, अर्जावर पालकांची सही हवी. या प्रत्येक नियमामागे एक गृहीत आहे. राहणारा १८ ते २२ वर्षांचा, अविवाहित आणि घरच्यांच्या पैशांवर शिकणारा असणार, हे ते गृहीत.

हे गृहीत जुने आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील कॉलेजांत तर शिकवणाऱ्या फेलोंनाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सहसा लग्न करून पद टिकवता येत नसे. कॉलेज म्हणजे अविवाहित पुरुषांचे एकत्र राहणे, ही कल्पना तिथून पुढे अनेक देशांत गेली. अमेरिकेतही युद्धापूर्वी पदवीचा विवाहित विद्यार्थी विरळाच होता. काही कॉलेजांत शिकत असताना लग्न केले, तर नाव कमी होत असे.

२. कायदा आला, पण घरे नव्हती

२२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. तो पुढे ‘जी.आय. बिल’ या नावाने ओळखला गेला. ‘जी.आय.’ हे अमेरिकन सैनिकाचे बोलीतले नाव. युद्ध संपल्यावर लाखो सैनिक एकदम बेकार होतील, ही सरकारची धास्ती होती. पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांनी बोनससाठी १९३२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकला होता आणि लष्कराकरवी त्यांना हुसकावून लावण्यात आले होते. ती आठवण ताजी होती.

कायद्याने सैनिकाच्या शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क भरण्याची आणि दरमहा निर्वाहभत्ता देण्याची सोय केली. भत्ता एकट्याला ५० डॉलर आणि अवलंबून असणारे कुटुंब असल्यास ७५ डॉलर होता. पुढे तो अनुक्रमे ६५ आणि ९० डॉलर झाला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. भत्त्याचे दोन दर ठेवल्यामुळे कायद्याने विवाहित विद्यार्थी मान्य केला होता. वसतिगृहांनी मात्र तो अजून मान्य केला नव्हता.

किती सैनिक कॉलेजात येतील याचा अंदाज फार कमी धरला गेला होता. काही विद्यापीठप्रमुखांना ही योजनाच पसंत नव्हती. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांना भीती होती की काम न मिळालेली माणसे केवळ भत्त्यासाठी कॉलेजात गर्दी करतील. हार्वर्डचे जेम्स कोनंट हेही साशंक होते. प्रत्यक्षात १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख माजी सैनिक या योजनेतून कॉलेजात शिकले. १९४७ मध्ये तर अमेरिकन कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. ते मन लावून शिकले, त्यांचे गुणही चांगले आले आणि कोनंट यांनी आपले मत बदलले.

मग राहायचे कुठे? व्यायामशाळांत बंकांच्या रांगा लागल्या. त्यावर एकट्या पुरुषाची सोय झाली. बायको आणि तान्हे मूल घेऊन आलेल्याची होणे शक्य नव्हते.

३. बराकी, ट्रेलर आणि अर्धगोल पत्र्याची घरे

युद्धकारखान्यांतील कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९४० मध्ये लॅनहॅम कायदा झाला होता. १९४५ मध्ये त्यात भर घालण्यात आली आणि युद्धकाळातील तात्पुरती घरे व बराकी माजी सैनिकांसाठी हलवण्याची तरतूद झाली. कॉलेजांनाही तिचा लाभ मिळाला. बराकी सुट्या करून, मालगाडीने वा ट्रकने नेऊन कॉलेजच्या मोकळ्या मैदानांवर पुन्हा जोडल्या गेल्या.

क्वॉन्सेट हट हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. अर्धे पिंप आडवे ठेवावे तसे नालीदार पत्र्याचे हे घर. ऱ्होड आयलंडमधील क्वॉन्सेट पॉइंट येथे १९४१ मध्ये नौदलासाठी ते तयार झाले. सांगाडा आणि पत्रे वेगवेगळे नेता येत आणि थोड्या माणसांत उभारता येत. युद्धभूमीसाठी केलेली ही रचना कॉलेजात मधोमध भिंत घालून दोन कुटुंबांना वाटून दिली गेली. स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. रचना तीच राहिली, उपयोग पूर्ण बदलला.

काही ठिकाणे पाहू. विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसनमधील मैदानाशेजारी ट्रेलरची वस्ती केली. तीही पुरेना, तेव्हा सुमारे ३५ मैलांवरील दारूगोळ्याच्या कारखान्याजवळची कामगारांची घरे घेऊन ‘बॅजर व्हिलेज’ वसवले. तिथून विद्यार्थी बसने वर्गाला येत. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डने मेन्लो पार्क येथील लष्करी रुग्णालयाच्या इमारती घेतल्या आणि ‘स्टॅनफर्ड व्हिलेज’ तयार झाले. आयोवा स्टेटमध्ये ‘पॅमेल कोर्ट’ उभे राहिले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने विवाहित माजी सैनिकांसाठी ‘वेस्टगेट’ ही १०० लहान घरांची वस्ती केली.

या घरांत सुख फारसे नव्हते. भिंती पातळ होत्या आणि अनेक ट्रेलरमध्ये पाण्याचा नळ नव्हता, त्यामुळे न्हाणीघर आणि धुणीघर सामाईक असे. घरी रडणारे मूल, समोर गणिताचे पुस्तक आणि नोकरी करून घर चालवणारी बायको, असा तो संसार होता. तरी या वस्त्यांनी एक नवी गोष्ट केली. त्यांनी स्वतःची मंडळे निवडली, पाळणाघरे काढली, सामान एकत्र विकत आणले. वॉर्डनने कुलूप लावायचे वसतिगृह इथे नव्हते. ही कर्त्या माणसांची वस्ती होती.

४. ज्यांना खोली मिळाली नाही

कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण दक्षिणेकडील राज्यांत शाळा-कॉलेजे वर्णानुसार वेगळी होती. कृष्णवर्णीय सैनिकांना जी मोजकी कॉलेजे खुली होती, तिथे वर्गखोल्या आणि निवास दोन्ही अपुरे होते. हजारोंना जागेअभावी परत जावे लागले. त्यांच्याही हातात कायद्याने दिलेला हक्क होता, पण तो वापरायला जागा नव्हती.

स्त्रियांचीही जागा आक्रसली. माजी सैनिकांना सामावून घेण्यासाठी काही विद्यापीठांनी मुलींच्या प्रवेशावर मर्यादा आणली. बहुतेक वेळा सांगितले गेलेले कारण एकच होते, वसतिगृहात जागा नाही. म्हणजे निवास हा प्रवेश नाकारण्याचा सभ्य मार्गही ठरू शकतो.

५. तात्पुरते ते कायमचे

ही घरे थोड्या वर्षांत पाडायची, असे ठरले होते. पण विवाहित आणि मोठ्या वयाचे विद्यार्थी येतच राहिले. पॅमेल कोर्टसारख्या वस्त्या पुढे अनेक दशके वापरात राहिल्या. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने कॉलेजांना निवास बांधण्यासाठी कमी व्याजाची सरकारी कर्जे देण्याची सोय केली. ‘विवाहित विद्यार्थ्यांचे निवास’ हा विद्यापीठाच्या नकाशावरचा नेहमीचा भाग झाला. वेस्टगेटची ती लहान घरे गेली, पण त्याच नावाची कुटुंबांसाठीची इमारत त्या संस्थेत पुढे उभी राहिली.

६. आपल्याकडे

भारतात असा एकदम लोंढा आला नाही. पण परतणारा विद्यार्थी इथेही आहे. १९७० मध्ये भारत सरकारने अभियांत्रिकी शिक्षकांसाठी क्यूआयपी, म्हणजे गुणवत्ता सुधार कार्यक्रम, सुरू केला. नोकरीत असलेला शिक्षक एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी आयआयटीसारख्या संस्थेत पुन्हा विद्यार्थी होऊ लागला. तो संसारी असे, त्यामुळे त्याच्या कुटुंबाच्या निवासाचा प्रश्न त्याच्याबरोबरच आवारात आला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांसाठी ‘महानदी’ हे वेगळे वसतिगृह आहे. पण या सोयी प्रामुख्याने संशोधक विद्यार्थ्यांना आणि मोठ्या संस्थांत मिळतात. तिशीत पदवी पूर्ण करायला परतलेल्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात मूल घेऊन राहता येईल, अशी खोली सहसा सापडत नाही. ती भाड्याची खोली शोधते, रोज तीन-चार तास प्रवास करते, किंवा पुन्हा शिक्षण सोडते.

हा प्रश्न आता तुमचाही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीतून एका वर्षाने प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येते व नंतर परत येता येते. तुमच्यापैकी काहीजण घरच्या अडचणीमुळे किंवा नोकरीसाठी मध्येच थांबतील. परतण्याचे दार नियमांत उघडले आहे. श्रेयांक तुमच्या खात्यात जमा राहतील. पण तुम्ही परत याल तेव्हा २७ वर्षांचे असाल, कदाचित बरोबर आणखी कोणी असेल. त्या वेळी वसतिगृहाचा अर्ज तोच असेल का, हे आज विचारायला हवे. अमेरिकेत १९४४ साली कायदा करताना हा प्रश्न मागे राहिला आणि उत्तर शोधायला पत्र्याच्या बराकी आणाव्या लागल्या.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या वसतिगृहाच्या नियमावलीतील कोणते नियम विद्यार्थ्याचे वय आणि वैवाहिक स्थिती गृहीत धरतात? त्यांची यादी करा.
२. जी.आय. बिलातील निर्वाहभत्ता पुरेसा असता, तरी सरकारला घरे का हलवावी लागली असती?
३. तुमच्या महाविद्यालयात लहान मूल असलेली विद्यार्थिनी परत आली, तर सध्याच्या इमारतीत कोणते बदल कमी खर्चात करता येतील?