लिपिड-पटले, प्रतिमान : लेसर सूक्ष्मदर्शनाने झालेला अभ्यास

शुद्ध लिपिडांपासून (स्निग्ध व तत्सदृश पदार्थांपासून) प्रयोगशाळेत तयार केलेल्या आणि कोशिकेच्या (पेशीच्या) आवरणाची नक्कल करणाऱ्या पापुद्र्यांना प्रतिमान पटले म्हणतात. लिपिड रेणूचे एक टोक जलस्नेही व उरलेला लांब भाग जलद्वेषी असतो. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दोन थरांत मांडले जातात. या द्विस्तराची जाडी सु. ४ ते ५ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) असते. कोशिकेचे आवरण म्हणजे असाच द्विस्तर असून त्यात प्रथिने रुतलेली असतात. लिपिडांचे निरनिराळे रेणू पटलभर सारखे मिसळलेले असतात, की त्यांचे वेगवेगळे गट पडतात, हा प्रश्न पुढे दीर्घकाळ वादाचा ठरला.

एवढ्या पातळ गोष्टीकडे पाहणे सोपे नाही. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवरील डबक्यांत वाहनांतून गळालेल्या तेलाचा तवंग रंगीबेरंगी दिसतो. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने हे रंग उद्‌भवतात आणि त्यासाठी तवंगाची जाडी काही शेकडा नॅनोमीटर असावी लागते. पॉल म्यूलर, डॉनल्ड रूडिन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पाण्यात ठेवलेल्या पडद्याच्या बारीक छिद्रावर लिपिडाचा पापुद्रा ताणला. तो पातळ होत गेला, तसे प्रथम रंग दिसले व अखेरीस तो काळा पडला. दोन्ही पृष्ठांवरून येणारे किरण आता एकमेकांना नाहीसे करीत होते. त्यावरूनच या रचनेला ‘कृष्ण लिपिड-पटल’ हे नाव पडले. ज्या अवस्थेत पटल कोशिकेच्या आवरणासारखे होते, नेमक्या त्याच अवस्थेत ते डोळ्यांना दिसेनासे होते, असा हा पेच होता.

द्विस्तराची कल्पना त्याहून जुनी आहे. ई. गॉर्टर व एफ्. ग्रेन्डेल या डच शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तकोशिकांतील लिपिडे काढून ती पाण्यावर पसरली आणि त्यांचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठाच्या दुप्पट भरते, असे दाखविले. त्यांच्या मापनात दोन चुका होत्या. लिपिडे पुरती निघाली नव्हती आणि कोशिकांचे पृष्ठफळही कमी धरले गेले होते. या चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले व निष्कर्ष बरोबर आला. १९६० नंतरच्या दशकात ॲलेक बॅंगम यांनी लिपोसोम ही बंदिस्त पुटिका पुढे आणली. १९७२ मध्ये एस्. जे. सिंगर व गार्थ निकोलसन यांनी पटल हे द्रवरूप असून त्यात प्रथिने तरंगतात, असे प्रतिपादन केले.

याच सुमारास लेसर या क्षेत्रात आला. पटलात अनुस्फुरणशील (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकणाऱ्या) रंजकाचे अल्प रेणू मिसळावयाचे आणि लेसर झोत अतिसूक्ष्म ठिपक्यावर एकवटून त्यांची हालचाल टिपावयाची, अशी ही रीत आहे. डग्लस मॅग्डी, इलियट एल्सन व वॉट वेब यांनी १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अनुस्फुरणाच्या चढउतारांवरून रेणूंच्या विसरणाचा वेग काढण्याची पद्धत दिली. १९८६ मध्ये विद्युत्‌ क्षेत्राच्या साहाय्याने मोठ्या पुटिका बनविण्याची रीत निघाली. या पुटिका काही दशक मायक्रोमीटर व्यासाच्या असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पुटिका न्याहाळता येऊ लागली.

काई सायमन्स व एलिना इकोनेन यांनी १९९७ मध्ये तराफ्यांची कल्पना मांडली. कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिडे एकत्र येऊन द्रवरूप पटलात तराफ्यांसारखी बेटे बनतात व विशिष्ट प्रथिने त्यांवर वाहून नेली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९ मध्ये कॉर्नेल येथेच जोनास कोर्लाख, पेट्रा श्विले, वेब व जेराल्ड फायगेन्सन यांनी समनाभी लेसर सूक्ष्मदर्शकाने पुटिकांवरील भिन्न प्रावस्थांचे प्रदेश रंगांनी वेगळे दाखविले व प्रत्येक प्रदेशातील विसरणाचा वेगही मोजला. चित्रे मोहक होती. मात्र तिथे सर्व श्रेय लेसरला देणे योग्य नव्हे. कोलेस्टेरॉलयुक्त मिश्रणांतील प्रावस्थांचे पद्धतशीर नकाशे सेरा व्हीच व सेरा केलर यांनी २००२ पासून साध्या अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकानेच तयार केले.

खरी अडचण निराळीच होती. तीव्र प्रकाशाने रंजक उद्दीपित होतात, तेव्हा असंतृप्त लिपिडांचे ऑक्सिडीकरण होऊ शकते. आर्तेम अयुयान व फ्रेड्रिक कोहेन यांनी २००६ मध्ये दाखविले, की अशा ऑक्सिडीकरणामुळे पटलावर मोठी बेटे निर्माण होतात. म्हणजे जे पाहावयाचे, ते पाहण्याच्या क्रियेनेच घडत होते. शिवाय पुटिकेवर स्पष्ट दिसणारी बेटे जिवंत कोशिकेवर दिसत नव्हती. प्रकाशाच्या विवर्तनामुळे सु. २०० नॅनोमीटरपेक्षा लहान तपशील साध्या सूक्ष्मदर्शकाला उलगडत नाही. बेटे त्याहून लहान होती, की नव्हतीच, हा निर्णय चित्रावरून होणे शक्य नव्हते.

या टप्प्यावर मुंबईचा संबंध येतो. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्रात १९६४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडाचा अर्धसंवाहक लेसर तयार झाला. भारतातील लेसरविद्येचा तो प्रारंभ होय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुढे एन्. पेरियासामी व जी. कृष्णमूर्ती यांनी अतिअल्पकालीन लेसर स्पंदांनी अनुस्फुरणाचा आयुःकाल मोजण्याचे काम रुजविले. कृष्णमूर्ती व इरा यांनी २००१ मध्ये पटलातील सूक्ष्मप्रदेश ओळखण्यासाठी आयुःकालांच्या वाटणीचा उपयोग मांडला. सर्व रंजक रेणूंचा परिसर सारखा असेल, तर वाटणी अरुंद राहते व परिसर विविध असतील, तर ती पसरते. यात चित्र मिळत नाही, पण विवर्तनाची मर्यादाही आड येत नाही. चित्राच्या मोहात या पद्धतीकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही, असे म्हणावे लागते.

पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर यांनी बंगलोर येथे जिवंत कोशिकांवर हाच प्रश्न घेतला. राजत वर्मा व मेयर यांनी १९९८ मध्ये रेणू-रेणूंतील ऊर्जासंक्रमण ध्रुवित प्रकाशाने मोजून प्रथिनांचे गट ७० नॅनोमीटरपेक्षा लहान असावेत, असा निष्कर्ष काढला. २००४ मधील त्यांच्या गटाच्या निबंधानुसार २० ते ४० टक्के प्रथिने जास्तीत जास्त चार रेणूंच्या पुंजक्यांत असतात व बाकीची एकएकटी असतात. पुढे हे पुंजके कोशिकेतील ॲक्टिन तंतूंच्या सक्रिय हालचालीने घडतात, असे त्यांनी प्रतिपादिले. प्रतिमान पटलात ॲक्टिनही नसते व ऊर्जेचा खर्चही नसतो, त्यामुळे तेथील बेटे व कोशिकेतील पुंजके एकच मानता येत नाहीत.

तथापि प्रतिमान पटलांचा उपयोग संपला नाही. कुलाब्याच्या संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने सेरोटोनिन या तंत्रिकाप्रेषकाचा अभ्यास केला. हा रेणू आपल्या ग्राहीशी बद्ध होऊनच कार्य करतो, अशी रूढ समजूत होती. तो ग्राहीविना थेट लिपिड-पटलालाही चिकटतो व पटलाचे यांत्रिक गुणधर्म बदलतो, असे या गटाने २०२१ मध्ये दाखविले.