दूधआई, डबा आणि दुधाची बँक



मंगळवार पेठेत येऊन दुधावर बोलायचं म्हणजे तालमीत जाऊन जोर कसे मारायचे ते शिकवण्यासारखं आहे. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारं हे गाव, 1963 पासून ‘गोकुळ’ चालवणारा हा जिल्हा. पण आजचा विषय वेगळ्या दुधाचा आहे. 37 आठवडे भरायच्या आत जे मूल जन्माला येतं, ज्याला आपण अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतो, त्याच्या पोटात पहिले थेंब कशाचे जावेत? प्रश्न घरगुती वाटतो. पण त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा टप्पा मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात घडला.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं, म्हणजे प्रतिपिंडं, वारेतून बाळाला मिळतात. पण त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो. सातव्या महिन्यात आलेलं बाळ ही शिदोरी न घेताच येतं. त्याची कातडी पातळ, आतडी कच्ची. अशा वेळी राहिलेली शिदोरी थोडीफार भरून काढायला दुसरी एकच वाट असते, ती म्हणजे आईचं दूध. त्यातही पहिला पिवळसर चीक. त्यातली प्रतिपिंडं आतड्याच्या आतल्या बाजूला जणू सारवण घालतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. म्हणून या बाळाला दूध म्हणजे अन्न तर आहेच, पण औषध आणि लसही आहे.

आता आपल्याकडची गंमत बघा. म्हशीचा चीक मिळाला की आपण शेजारीपाजारी खरवस वाटतो. आणि बाळंतिणीचा चीक? कितीतरी घरांत तो ‘जड’ म्हणून पिळून टाकला जायचा आणि बाळाला मध, गुळाचं पाणी चाटवलं जायचं. हेतू वाईट नव्हता. पण ज्या बाळाला त्या थेंबांची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच तोंडचा घास जात होता.

आई आजारी असेल, दूध नसेल तर काय करायचं, याचं उत्तर मात्र आपल्याला जुनंच माहीत आहे. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊ त्यांच्या दूधआई झाल्या. संभाजीराजे काही अपुऱ्या दिवसांचे नव्हते. पण ‘आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं’ हा विचार मराठी माणसाला परका नाही, एवढंच मला सांगायचंय.

मग हा विचार मागे कसा पडला? त्यासाठी थोडं पॅरिसला जावं लागेल. कोंबडीची अंडी उबवायची पेटी असते, तिच्यावरून 1880 च्या सुमारास तार्निए नावाच्या डॉक्टरांनी बाळांसाठी उबेची पेटी करून घेतली. आपल्याकडे कापसात गुंडाळायचे, त्यांनी पेटी केली. बाळं वाचू लागली. पण बाळ पेटीत आणि आई बाहेर, असं झालं. तार्निएंचे शिष्य बुदँ यांच्या हे लक्षात आलं होतं. आईला बाळाजवळ येऊ द्या, तिचं दूध द्या, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1909 साली व्हिएन्नात मातांचं दूध गोळा करणारी जगातली पहिली दूधबँकही निघाली. पण विसाव्या शतकात यंत्राची चलती झाली, आणि यंत्राच्या जोडीला आला डबा. आपल्याकडेही 1960 च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून बाळासाठी पावडर बनू लागली. डबा म्हणजे आधुनिक, सुशिक्षित घर, असा समज पसरला.

आता डब्यात वाईट काय? पहिलं म्हणजे त्यात प्रतिपिंडं नसतात. दुसरं म्हणजे ते कालवायला पाणी लागतं, बाटली लागते. गर्दीच्या वॉर्डात ती बाटली म्हणजे जंतूंची गाडीच.

याच वळणावर शीवचं, म्हणजे सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय येतं. शेजारी धारावी. बाळंतपणं अफाट, पेट्या थोड्या, परिचारिका त्याहून थोड्या. जंतुसंसर्गानं बाळं दगावत होती. तिथे नवजात विभाग सांभाळणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी जास्त यंत्रांची वाट पाहिली नाही. वॉर्डातून डबा आणि बाटली बाहेर काढली आणि आईला आत घेतलं. ज्या बाळाला ओढता येत नाही, गिळता येत नाही, त्याला पिळलेलं दूध नळीनं किंवा वाटी-चमच्यानं द्यायचं. आपल्या आज्यांचं बोंडलं आठवा, तीच युक्ती!

पण ज्यांच्या आया आजारी किंवा गेलेल्या, त्यांचं काय? त्यासाठी 27 नोव्हेंबर 1989 रोजी तिथे दूधबँक सुरू झाली. आशियातली पहिली. हे साल लक्षात ठेवा. त्याच सुमारास एचआयव्हीच्या भीतीनं पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी दूधबँका बंद पडत होत्या. ते दारं लावत होते, तेव्हा आपल्या महापालिकेच्या दवाखान्यानं दार उघडलं. आंधळेपणानं नव्हे. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवलं जातं, पुन्हा जंतूंसाठी तपासलं जातं आणि मग गोठवून ठेवतात. त्या उष्णतेत एचआयव्ही टिकत नाही.

आणि पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, इंग्लंडमधून पुरावा आला. लुकास आणि कोल यांनी 926 अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. या बाळांना आतड्याचा एक जीवघेणा आजार होतो, त्यात आतडं सडतं. फक्त डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत तो आजार, फक्त मातेच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त दिसला. सायनच्या वॉर्डात ज्या वाटेनं आधीच चालायला सुरुवात झाली होती, तिला आकड्यांचा आधार मिळाला. 1992 मध्ये आपल्या देशात डब्याच्या दुधाच्या प्रचाराला लगाम घालणारा कायदा झाला. 2017 मध्ये दूधबँकांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आल्या.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. बँकेचं दूध हे आईच्या दुधाला पर्याय नाही. तापवताना त्यातल्या जिवंत पेशी मरतात, काही प्रतिपिंडंही कमी होतात. म्हणून आधी आईचं, ते नसेल किंवा कमी पडलं तर बँकेचं. आणि दीड किलोच्या आतल्या बाळाला नुसतं आईचं दूधही पुरत नाही. त्यात प्रथिनं, कॅल्शियम वगैरे वरून मिसळावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीनं नव्हे. आणि कृपा करून म्हशीचं दूध नको. पैलवानाला जे घडवतं, ते त्या इवल्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. एसटी स्टँडवरच्या कक्षाला तिचं नाव देतो. तिच्या वाटेत कडा होता. आजच्या आईच्या वाटेत अतिदक्षता विभागाचं बंद दार असतं, ‘तुला दूधच नाही गं’ म्हणणारं घर असतं, आणि पहिल्या दिवशी डबा आणून देणारा हौशी पाहुणा असतो. तेव्हा घरात असं बाळ आलं तर तीन गोष्टी करा. चीक टाकू नका, आईला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला बसवा, आणि डॉक्टरांना विचारा, ‘आई आत कधी येऊ शकते?’ ज्यांना देवानं भरपूर दूध दिलंय, त्यांनी जवळ दूधबँक कुठे आहे याची चौकशी करा. धाराऊंचं नाव साडेतीनशे वर्षं टिकलंय ते उगाच नाही.