सोमवार पेठेतला रविवार

कृष्णाबाईच्या घाटाच्या पायऱ्या भराभर चढा. सकाळचे नऊ वाजून गेलेत, 1988 चा उन्हाळा आहे आणि अनवाणी पायांना दगड चटके देऊ लागलाय. खाली नदी आटून बारीक झालीय. एरवी रविवारी या वेळी धुणं आपटण्याचा नुसता दणदणाट असतो. आज दोन-तीन बायका उरल्यात, त्याही ओले पिळे तसेच बादलीत कोंबून निघाल्यात. तुम्हीही निघा. साडेनऊला टीव्हीवर रामायण लागतं.

पत्ता विचारू नका. सोमवार पेठेत शिरलात की गर्दी ज्या दारात घुसतेय तेच घर. बाकीची दारं सताड उघडी आणि आत चिटपाखरू नाही. एका ओट्यावर मटणाचा वाटा आणून झाकून ठेवलाय, वाटणासाठी खोबरं भाजून झालंय, पण फोडणी पडणार ती रामायण सुटल्यावरच.

दारात चपलांचा हा ढीग. आपली जोडी कुठे काढली ते ध्यानात ठेवा. आत पाऊल टाकताच कुणीतरी दंडाला धरून ओढतं, "पावनं, हिकडं सरका, हितं हाय जागा." तुम्ही या घराचे कुणीही नाही, तरी पाहुणे झालात. मांडी घालायला जागा नाही, एकच गुडघा मुडपता येतो. पाठीला कुणाचा तरी खांदा टेकतो, आणि मांडीवर एक पोरगं येऊन बसतं. कुणाचं ते विचारू नका. त्यानंही तुम्हाला तसं काही विचारलेलं नाही.

आता श्वास घ्या. उदबत्ती, खोबरेल, शिकेकाईनं धुतलेले ओले केस, माणसांचा घाम, आणि या सगळ्यावर मात करत आतल्या खोलीतून येणारा पेंढ्यातल्या आंब्यांचा वास. आढी पिकत आलीय. घामाच्या धारा लागल्यात, पण पंखा बंद आहे. पंखा लावला तर व्होल्टेज पडेल आणि चित्र आक्रसेल, ही सगळ्यांची पक्की समजूत. उकाड्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

काकू पदराला हात पुसत येतात, कमरेची किल्ली काढतात आणि लाकडी पेटीचं शटर बाजूला सारतात. पेटीला हळदकुंकू लागलेलं, वर मोगऱ्याचा गजरा. बटण फिरतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या!

"वर जा रं कुणीतरी!"

पत्र्यावर पाय वाजतात. गच्चीवर चादरीवर कुरडया वाळत घातल्यात, त्यांच्यामधून वाट काढत अँटेनापर्यंत पोचायचं म्हणजे कसरतच. एक पोरगा वर, एक जिन्यात, एक खिडकीत, आणि निरोप धावत असतो.

"आलं का?"

"न्हाय!"

"आता?"

"आलं, आलं! गेलं! हुतं तितंच ठिव!"

वरच्या बिचाऱ्यानं दांडा तसाच हातात धरून उभं राहायचं ठरवलंय. त्याला आजचं रामायण फक्त ऐकू येणार. या लहानग्या त्यागाची नोंद कुठेच झालेली नाही, म्हणून इथे करतोय.

रवींद्र जैन यांचा आवाज घुमतो आणि सगळे हात जोडले जातात. तुमचेही. अरुण गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लहरी ही नावं इथे कुणी घेत नाही. इथे राम आला, सीता आली असंच म्हणतात. हे सगळं उंबरगावला उभारलेल्या सेटवर चित्रित होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता बोलू नका. लक्ष्मण बेशुद्ध पडलाय आणि पुढच्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्यात.

मागे भिंतीला टेकून उभे आहेत ते तालमीतले पैलवान. कान दुमडलेले, अंगाला अजून लाल मातीचा वास. ते आलेत दारासिंगसाठी. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या मुलखात पैलवान ओळखायला पोरंसोरंही चुकत नाहीत. हनुमान पडद्यावर आला की यांची नजर गदेवर जात नाही, खांद्यावर जाते. "साठीला आलाय गडी, पर मान बघ!" खरंच साठीला आलाय तो. बारा वर्षांपूर्वी सिनेमातही त्यानं बजरंगबली रंगवला होता. आणि हनुमान या माणसांना परका कसा असेल? समर्थांनी बसवलेले मसूर, उंब्रज, शहापूरचे मारुती सायकलच्या टप्प्यात आहेत, आणि चाफळचा रामही काही लांब नाही.

हनुमान संजीवनी आणायला झेप घेतो, आणि टप्.

लाईट गेली.

सगळ्या घरातून एकाच क्षणी हाय निघते, ती ऐका. मग शिव्या, मग देवाचा धावा. पण कुणीही उठत नाही. खांबाला टेकलेल्या आजी चष्मा काढून पुसतात. त्यांना हिंदी फारसं कळत नाही, दर रविवारी नातू कानात मराठी करून सांगतो. आज पाळी उलटली. श्रीधरस्वामींच्या रामविजयाची पोथी ऐकत त्यांचं सारं आयुष्य गेलंय. "आता काय हुनार म्हायतीय का?" त्या सुरू करतात. वाटेत साधूचं सोंग घेऊन बसलेला कालनेमी राक्षस, ते तळं, तळ्यातली मगर. हातवारे असे की पुढची पोरं मागे सरकतात. या अंधारलेल्या सोप्यात, चाळीस जणांच्या उबेत, मला तरी आजींचं रामायण टीव्हीवरच्या रामायणापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं हीच मालिका पुन्हा दाखवली, आणि लोकांनी ती आवडीनं पाहिली. पण ज्यानं त्यानं आपापल्या घरात. चित्र तेच होतं, मांडीवर दुसऱ्याचं पोरगं नव्हतं.

लख्ख! लाईट आली. हनुमान पर्वत हातावर घेऊन आकाशातून निघालाय, टाळ्या पडतात, आणि आजी अजून मगरीपाशीच आहेत. तुमच्या मांडीवरचं पोरगं पडद्याकडे पाठ करून बसलंय. "आजी, मगरीचं काय झालं?" निम्मा सोपा टीव्हीकडे बघतोय, निम्मा आजींकडे. "गप बसा" असं कुणीच म्हणत नाही.

मालिका संपते. गुडघा सरळ करा, मुंग्या आल्या असतील. दारात चपलांची शोधाशोध, एकीचा अंगठा तुटलेला, एक जोडी कुणाचीच नाही. बाहेर ऊन पांढरं झालंय. खराट्याच्या काड्यांचे बाण एव्हाना बोळात सुटलेसुद्धा, आणि प्रत्येक पोराला हनुमानच व्हायचंय. रावण व्हायला कुणी तयार नाही, तेव्हा तुम्हालाच हाताला धरून उभं करतात. स्टोव्ह भणभणू लागतात, फोडण्यांचे चर्र आवाज येतात. गच्चीवरचा पोरगा तांबडालाल होऊन खाली उतरतो आणि काकू त्याच्या हातावर आढीतला पहिला पिकलेला आंबा ठेवतात.

"पावनं, जेवूनच जावा आता," मागून आवाज येतो. नाही म्हणू नका. रस्सा उकळायला लागलाय.